लायबेरियातली भारतीय महिला तुकडी: तिथे नेमकं काय घडलं आणि पुढे काय?

सोनचाफा (धागाकर्ती)

साताऱ्याजवळ एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते. वर्गातल्या बऱ्याच मुली पोलीस भरतीच्या तयारीत असतात. संयुक्त राष्ट्रांचा धडा निघाला की त्यांचे दोन प्रश्न ठरलेले: शांतिसेनेत आपल्या बायका जातात का, आणि जाऊन करतात काय? पुस्तकात यावर जेमतेम चार ओळी. म्हणून मला जे माहीत आहे ते इथे मांडते. मायबोलीकरांसारखेच इथेही सैन्यातून, पोलिसांतून निवृत्त झालेले आणि आफ्रिकेत नोकरी केलेले लोक आहेत, त्यांनी भर घालावी.

सुरुवात लायबेरियापासून. १९८९ ते २००३, मधली थोडी उसंत सोडली तर हा देश यादवीत होरपळत होता. अडीच लाखांच्या आसपास माणसं मेली. शाळकरी पोरांच्या हातात रायफली दिल्या गेल्या, बायकांवर अत्याचार ही तर लढण्याची पद्धतच होऊन बसली. २००३ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्राध्यक्ष चार्ल्स टेलर देश सोडून नायजेरियाला गेला, घानातल्या अक्रा शहरात करार झाला आणि संयुक्त राष्ट्रांचं शांतिरक्षण मिशन आलं.

तो करार व्हावा म्हणून लायबेरियातल्या बायका कित्येक आठवडे रस्त्यावर बसल्या होत्या, हे सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. ख्रिस्ती आणि मुसलमान, दोन्हीकडच्या. पांढरे कपडे घालून राजधानी मोन्रोवियाच्या मासळीबाजाराजवळच्या मैदानात, उन्हात आणि पावसात. अक्रात बोलणी रेंगाळायला लागली तेव्हा त्यांनी सभागृहाच्या दारातच ठाण मांडलं: तोडगा निघाल्याशिवाय कुणीही बाहेर पडायचं नाही. त्यांचं नेतृत्व करणाऱ्या लेमाह ग्बोवी यांना २०११ चं शांततेचं नोबेल मिळालं. त्यांच्याबरोबर ते मिळालं एलेन जॉन्सन सर्लीफ यांना, ज्या जानेवारी २००६ मध्ये लायबेरियाच्या राष्ट्राध्यक्ष झाल्या. आफ्रिकेत निवडून आलेल्या पहिल्या महिला राष्ट्रप्रमुख.

अशा देशात २००७ च्या सुरुवातीला आपल्या सीआरपीएफची (केंद्रीय राखीव पोलीस दलाची) तुकडी उतरली. शंभराहून थोड्या जास्त महिला, शिवाय ड्रायव्हर-स्वयंपाकी मिळून काही पुरुष. कमांडर होत्या सीमा धुंडिया. संयुक्त राष्ट्रांच्या इतिहासातली ही पहिली पूर्ण महिला पोलीस तुकडी. काम काय? राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाबाहेर पहारा, मोर्चे-गर्दी आवरणं, आणि रात्री स्थानिक पोलिसांबरोबर गस्त. युद्धानंतर नव्याने उभ्या केलेल्या तिथल्या पोलिसांकडे बहुतांशी शस्त्रंच नव्हती, त्यामुळे बरोबर सशस्त्र तुकडी असणं ही त्यांची गरज होती. दरवर्षी तुकडी बदलायची. इबोलाच्या काळातही आपल्या महिला तिथेच होत्या. नववी तुकडी फेब्रुवारी २०१६ मध्ये परतली.

ज्यासाठी हा धागा काढला तो मुद्दा असा: ही तुकडी आली तेव्हा लायबेरियाच्या सुरक्षा दलांत स्त्रियांचं प्रमाण सुमारे ६ टक्के होतं, निघाली तेव्हा सुमारे १७ टक्के. संयुक्त राष्ट्रांनीच हे आकडे दिले आणि भारतीय महिलांचं मनापासून कौतुक केलं. मला वाटतं की शस्त्र घेऊन रोज समोर उभ्या असलेल्या बाईला बघण्याचा तिथल्या मुलींवर झालेला परिणाम फार खोल होता. तुम्हाला काय वाटतं?

---

समुद्रकाठ

सोनचाफा, छान विषय. मी त्या काळात एका खाजगी कंपनीतर्फे मोन्रोवियात होतो, म्हणून डोळ्यांनी पाहिलेलं लिहितो.

आमचं ऑफिस टबमन बुलेव्हार्डवर. हा तिथला मुख्य रस्ता, आणि या तुकडीचा तळ त्याच बाजूला काँगो टाउनमध्ये. निळ्या छटांचा ठिपक्याठिपक्यांचा गणवेश, डोक्यावर फिकट निळी बेरे टोपी, केसांचा अंबाडा टोपीखाली घट्ट बांधलेला. मोन्रोवियाचा पाऊस म्हणजे कोकणातल्या माणसालाही दमवणारा, आणि जून-जुलैत तर दिवसचे दिवस थांबत नाही. त्या पावसातही पहाऱ्यावरच्या बाया वाळूच्या गोण्यांमागे तशाच ताठ उभ्या असायच्या. आमचा लायबेरियन ड्रायव्हर दर वेळी गाडी हळू करायचा. त्याची मुलगी अकरा-बारा वर्षांची. शाळा सुटल्यावर कधी गाडीत असली की काच खाली करून हात हलवायची, आणि पलीकडून बहुतेक वेळा एक हसू यायचं, हात मात्र रायफलवरून हलायचा नाही.

मला आठवतं, लोक त्यांना घाबरत नसत, पण गृहीतही धरत नसत. युद्धात ज्यांनी बंदूकवाला पुरुष म्हणजे फक्त लूट आणि छळ एवढंच पाहिलं, त्यांना बंदूक घेतलेलं माणूस आपल्या बाजूचंही असू शकतं हे पटायला वेळ लागतो. या बायकांमुळे तो वेळ कमी झाला असं मी खात्रीने म्हणेन.

---

आडवाटेने

कौतुक मलाही आहे, पण ६ वरून १७ टक्क्यांचं श्रेय थेट भारतीय तुकडीला देण्याआधी थोडं थांबूया.

त्याच काळात लायबेरियात आणखी काय काय चालू होतं? राष्ट्राध्यक्ष बाई. २००६ पासून काही वर्षं पोलीस प्रमुखही बाईच, बिआट्रिस मुना सिए. पोलिसांत २० टक्के महिला हव्यात असं उद्दिष्ट ठरवलेलं. युद्धामुळे ज्या मुलींची शाळा सुटली होती त्यांच्यासाठी खास जलद अभ्यासक्रम काढून त्यांना भरतीला पात्र करून घेतलं. बलात्काराचा कायदा कडक झाला, पोलीस ठाण्यांत महिला व बालकांसाठी वेगळे विभाग आले, अशा खटल्यांसाठी वेगळं न्यायालय स्थापन झालं. एवढं सगळं एकदम घडत असताना वाढ कशामुळे झाली हे कोण सांगणार?

दुसरं, पहाऱ्यावर उभ्या असलेल्या तुकडीचा सामान्य बाईशी संबंध किती येतो? मोन्रोवियाबाहेरच्या गावांतल्या बहुसंख्य बायकांनी या तुकडीला कधी पाहिलंही नसेल. अत्याचाराची तक्रार घ्यायचं काम स्थानिक पोलिसांचं, आपल्या तुकडीचं नव्हे. मला भीती वाटते ती अशी की आपण एक अभिमानाची गोष्ट सांगून मोकळे होतो आणि अवघड प्रश्न राहून जातो.

---

सोनचाफा

आडवाटेने, भरतीचा जलद अभ्यासक्रम हा मुद्दा अगदी महत्त्वाचा. इच्छा असून उपयोग नव्हता, दहावी-बारावीचा कागदच नसेल तर मुलगी अर्ज कशाच्या जोरावर भरणार? श्रेय वाटून घ्यावं लागेल हे मान्य. तरीही समुद्रकाठ यांनी लिहिलेलं मी बाजूला सारणार नाही. धोरण दार उघडतं, पण आत जावंसं वाटायला कुणीतरी आधी आत दिसावं लागतं. आमच्याकडे मुली भरतीला उतरायला लागल्या त्या तीस टक्के आरक्षणामुळे हे खरं, पण गावातली पहिली पोरगी खाकी घालून एसटीतून उतरल्यावर त्या वाढल्या, हेही तितकंच खरं.

आणि तुकडीने फक्त पहारा दिला असं नाही. ड्युटी संपल्यावर त्या तिथल्या मुलींना स्वसंरक्षण शिकवत, संगणकाचे वर्ग घेत, शेजारच्या अनाथ मुलांकडे बघत.

---

पायवाट

मी केंद्रीय पोलीस दलातून निवृत्त झाले. लायबेरियाला गेले नव्हते, पण देशात सगळीकडे ड्युटी केली आहे, म्हणून या शेवटच्या वाक्यावर बोलायचं आहे.

ताई, ड्युटी संपल्यावर स्वसंरक्षण, संगणक, अनाथाश्रम... हे वाचताना मला त्या पोरींचा थकवा दिसतो. बारा तास जॅकेट आणि रायफल घेऊन उभं राहायचं आणि नंतर आराम सोडून समाजकार्य करायचं. पुरुष तुकड्याही वैद्यकीय शिबिरं वगैरे घेतात, नाही असं नाही. पण बाई आहे म्हटल्यावर तिच्याकडून ते गृहीत धरलं जातं, आणि अहवालात त्याचाच फोटो पहिला लागतो. गर्दी आवरायचं जे कसब आम्ही घाम गाळून शिकतो ते मागे पडतं. मला हे मनापासून खटकतं. तिथलं त्यांचं खरं काम सशस्त्र पोलिसाचं होतं आणि ते त्यांनी नऊ वर्षं चोख केलं, हे पहिल्या ओळीत यायला हवं.

साध्या गोष्टी कुणी विचारत नाही त्याही सांगते. बुलेटप्रूफ जॅकेट पुरुषाच्या मापाचं असलं की पुढची प्लेट खाली कमरेत रुतते आणि वर खांद्यापाशी जाड कड येते. रायफलचा कुंदा खांद्याच्या खळग्यात बसायला हवा, तो कडेवर टेकतो. नेम चुकला की म्हणायचं, बायकांचं फायरिंग कच्चं. चौकीवर स्वच्छतागृह नसलं की पोरी पहाऱ्याआधी पाणी प्यायच्या बंद होतात. नंतर डॉक्टरकडे जायची वेळ येते. शांतिसेनेत महिला वाढवायच्या म्हणणाऱ्यांनी आधी या दोन गोष्टींची तजवीज करावी.

---

समुद्रकाठ

पायवाटताई, हे वाचून त्या पावसातल्या पहाऱ्याकडे वेगळ्या नजरेने बघतोय. धन्यवाद.

---

किवूचा_पाहुणा

सर्वांना नमस्कार. मी सेनेतून जेसीओ (सुभेदार दर्जाचा अधिकारी) म्हणून निवृत्त झालो. काँगोत उत्तर किवू प्रांतात आपल्या ब्रिगेडमध्ये होतो. लायबेरियात पोलीस तुकडी होती, काँगोत आपलं पायदळ असतं. काम वेगळं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गोमा शहर न्यिरागोंगो ज्वालामुखीच्या पायथ्याशी. लाव्हाची काळी खडक जमीन, त्यावरून लोक लाकडी चुकुडू गाड्यांवर कोळसा, बटाटे, कोबी लादून उतारावरून सुसाट येतात. शहरातून बाहेर पडलं की तासन् तास कच्चा रस्ता आणि मग वस्त्या. आमची गस्त वस्तीत शिरली की समोर कोण यायचं? गावचा मुखिया, दोन-चार पुरुष, आणि पोरांचा घोळका. बायका झोपडीच्या मागे. मुखिया म्हणायचा, सगळं ठीक आहे. आम्ही वहीत लिहायचो, सगळं ठीक आहे. पण बंडखोर कुठल्या वाटेने आले, कुणाच्या शेतात बायकांना अडवलं, सरपण आणायला आता कुठल्या बाजूला जायचं बंद केलंय, हे माहीत असतं बाईला. कारण पाण्याला, सरपणाला आणि शेतावर तीच जाते. म्हणजे निम्म्या गावाची, आणि ज्या निम्म्याला जास्त माहीत आहे त्याची खबर आमच्याकडे येतच नव्हती.

नंतर भारताने २०१९ पासून तिथे महिलांची एंगेजमेंट टीम पाठवायला सुरुवात केली. या महिला सैनिक पुरुष गस्तीबरोबरच जातात. पुरुष मुखियाशी बोलत असताना त्या पाणवठ्याकडे, बाजाराकडे वळतात. मेजर राधिका सेन यांनी मार्च २०२३ ते एप्रिल २०२४ या काळात अशाच पलटणीचं नेतृत्व केलं. मूळच्या हिमाचलच्या, पण आयआयटी मुंबईत एमटेक करत असताना ते सोडून सैन्यात आल्या. त्यांच्या पलटणीने गावकऱ्यांना धोक्याची सूचना वेळेवर कळवता येईल अशी जाळी उभी करायला मदत केली, बायकांना आपसांत बोलायला जागा करून दिली. संयुक्त राष्ट्रांचा २०२३ चा लष्करी जेंडर अॅडव्होकेट पुरस्कार त्यांना मिळाला. त्याआधी २०१९ चा मेजर सुमन गवानी यांना दक्षिण सुदानमधल्या कामासाठी मिळाला होता.

पण एक गोष्ट अहवालात कमी आणि जमिनीवर फार जाणवते, ती म्हणजे दुभाषी. आपल्या मुलींना स्वाहिली येत नाही, तिथल्या बायकांना इंग्रजी-हिंदी येणार कुठून. मध्ये दुभाषी लागतो आणि तो बहुतेक वेळा पुरुष असतो. आता सांगा, जंगलात तिच्यावर काय बेतलं ते ती बाई शेजारच्या गावच्या तरुण पुरुषासमोर उभी राहून सांगेल का? समोर भारताची महिला अधिकारी असूनही ती म्हणणार, सगळं ठीक आहे. दुभाषी बाई मिळाली त्या दिवशी गस्तीला दुप्पट वेळ लागायचा. तेवढं बोलणं व्हायचं.

---

आडवाटेने

किवूचा_पाहुणा, मला हवं होतं ते हेच. महिला किती पाठवल्या हा आकडा सगळे विचारतात. त्यांतल्या किती जणी फाटकाबाहेर जातात आणि कुणाला सोबत घेऊन जातात, हे कुणी विचारत नाही. अभ्यासकांनीही हे नोंदवलं आहे की देश आपल्या महिला जास्त करून कमी धोक्याच्या मिशनवर पाठवतात. म्हणजे जिथे बायकांना त्यांची सगळ्यात जास्त गरज, तिथेच त्या सगळ्यात कमी.

---

गुलबक्षी

थोडी कडू बाजू मांडते. नको वाटेल, पण टाळता येणार नाही.

महिला शांतिसैनिक हव्यात यासाठी एक कारण नेहमी दिलं जातं: त्या असल्या की पुरुष सैनिक नीट वागतात. खुद्द शांतिसेनेतल्या पुरुषांनी हैतीमध्ये, काँगोत, मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात बायका-मुलांचं लैंगिक शोषण केल्याची प्रकरणं उघड झाली आहेत. ज्यांच्या भरवशावर लोक छावणीजवळ राहायला येतात त्यांनीच हे करावं, याहून मोठा विश्वासघात नाही.

मग उपाय काय, तर आणखी बायका पाठवा? मला याचा संताप येतो. बाजूला उभ्या सहकाऱ्याच्या वर्तनावर पाळत ठेवणं हे महिला सैनिकाचं काम कधीपासून झालं? शिक्षा करायचा अधिकार संयुक्त राष्ट्रांकडे नाहीच. सैनिकावर खटला त्याच्या स्वतःच्या देशाने चालवायचा असतो, संयुक्त राष्ट्रं फार तर त्याला परत पाठवू शकतात. २०१६ च्या सुरक्षा परिषदेच्या २२७२ क्रमांकाच्या ठरावाने निदान अख्खी तुकडी परत पाठवायची सोय झाली. घरी गेल्यावर त्या माणसाचं काय होतं, हे ज्या मुलीवर अत्याचार झाला तिला बहुतेकदा कळतही नाही. तिथे लक्ष द्या ना.

---

पायवाट

गुलबक्षी, शब्द न् शब्द पटला. शिस्त हे कमांडरचं काम. पुरुषांच्या तुकडीत एकही बाई नसली तरी शिस्त राहायलाच हवी.

---

सोनचाफा

गुलबक्षी, हे मी मूळ लेखात लिहायला हवं होतं असं अनेकांना वाटेल, पण तुमच्या शब्दांत आलं ते जास्त योग्य झालं. मेजर सेन यांनीही पुरस्काराच्या वेळी साधारण हेच म्हटलं होतं, की स्त्री-पुरुषांच्या गरजांचं भान ठेवून शांतिरक्षण करणं हे एकट्या स्त्रियांचं नव्हे, सगळ्यांचं काम आहे.

जुना संदर्भ जोडते. ३१ ऑक्टोबर २००० ला सुरक्षा परिषदेने स्त्रिया, शांतता आणि सुरक्षा या विषयावरचा १३२५ क्रमांकाचा ठराव एकमताने केला. परिषदेचं अध्यक्षपद तेव्हा नामिबियाकडे होतं, आणि त्याआधी मे महिन्यात त्यांच्या राजधानीत, विंडहुकला, याची पूर्वतयारी झाली होती. त्या ठरावात सैनिक-पोलीस स्त्रियांबरोबर आणखी एक मागणी होती: करार ठरवणाऱ्या टेबलाशी स्त्रिया हव्यात. याबाबत अजून फार मागे आहोत. फिलिपिन्समध्ये २०१४ साली मोरो बंडखोरांशी झालेल्या करारावर सरकारच्या मुख्य वाटाघाटीकार म्हणून मिरियम कोरोनेल-फेरर यांची सही आहे. अशी सही करणारी ती जगातली पहिली स्त्री. २०१४ साली पहिली! अक्रात बायकांना सभागृहाच्या दाराशी बसावं लागलं होतं ते यामुळेच, आत त्यांना खुर्ची नव्हती.

---

भीमथडी

वाचतोय, फार चांगली चर्चा. एक व्यावहारिक प्रश्न: आमची पुतणी राज्य पोलिसांत शिपाई आहे, तीन वर्षं झाली. तिला असं मिशनवर जाता येईल का?

---

पायवाट

भीमथडी, येतं, पण अजून थोडं थांबावं लागेल. दोन वाटा आहेत. एक म्हणजे तुकडी म्हणून, जी केंद्रीय दलाची जाते. दुसरी म्हणजे एकेकटे पोलीस अधिकारी, यात राज्य पोलीसही असतात. जम्मू-काश्मीर पोलिसांतल्या इन्स्पेक्टर शक्ती देवी अशाच अफगाणिस्तानला गेल्या होत्या. तिथे महिला पोलिसांच्या परिषदा उभ्या करायला त्यांनी मदत केली आणि २०१४ साली त्यांना आंतरराष्ट्रीय महिला पोलीस शांतिरक्षक हा संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला.

दुसऱ्या वाटेला प्रशिक्षण सोडून किमान पाच वर्षं नोकरी लागते, वयाची किमान अट पंचवीस. नावं गृह मंत्रालयामार्फत जातात, त्यामुळे परिपत्रकावर लक्ष ठेवायला सांगा. परीक्षा तीन गोष्टींची: मिशनची भाषा म्हणजे इंग्रजी किंवा फ्रेंच, गाडी चालवणं, आणि शस्त्र चालवणं. आपल्या पोरी सगळ्यात जास्त अडतात त्या गाडीत. लायसन्स असतं, पण हात बसलेला नसतो, कारण ठाण्यातली जीप कायम पुरुष ड्रायव्हर चालवतो. गिअरची मोठी फोर-बाय-फोर, ती रिव्हर्समध्ये खुणांमधून काढायची असते. आजपासून तिला बोलेरो चालवायला द्या. घरची नसेल तर भाड्याची घ्या. इंग्रजी बातम्या ऐकून त्याचा सारांश लिहायची सवय लावा. एवढ्यावर बरंच काम होतं.

---

भीमथडी

ताई, मनापासून आभार. बोलेरो आहे, माझीच आहे. उद्यापासून तिच्या हाती.

---

खडकवासलाकर

पुण्याचा संबंध म्हणून लिहितो. मार्च २०१६ मध्ये औंधच्या लष्करी तळावर अठरा देशांचा सराव झाला होता. भूसुरुंग काढणं आणि शांतिरक्षण हे त्याचे विषय. भारताच्या तुकडीचं नेतृत्व तेव्हाच्या लेफ्टनंट कर्नल सोफिया कुरेशी यांनी केलं. त्या सरावात सगळ्या देशांच्या तुकडीप्रमुखांमध्ये त्या एकट्याच महिला होत्या. त्याआधी २००६ मध्ये त्यांनी काँगोत शांतिसेनेत काम केलं होतं. आता आमच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून (एनडीए) ३० मे २०२५ ला सतरा मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. संचलन पाहताना ऊर भरून आला. यातल्या काही जणी पुढे नक्की निळ्या टोपीत दिसतील.

---

गुलबक्षी

त्या वेळेपर्यंत मिशन्स उरतील का, ही काळजी आहे. मालीतलं मिशन २०२३ अखेर गुंडाळलं. पैशांच्या टंचाईमुळे २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी शांतिसैनिकांची संख्या साधारण पाव हिश्श्याने कमी करायचं जाहीर केलं. लष्करी तुकड्यांत १५ टक्के महिला हव्यात असं २०२८ साठीचं उद्दिष्ट आहे, पण कपात होताना आधी कोण परत येईल? ज्या नव्याने सुरू झाल्या आहेत त्या एंगेजमेंट टीम आधी कापल्या जातील, आणि जड शस्त्रांच्या तुकड्या राहतील, अशी मला शंका आहे. दिल्लीत यावर बोलणारं कुणीतरी हवं.

---

किवूचा_पाहुणा

गुलबक्षीताई, या शंकेत मी माझी एक चिंता जोडतो. जून २०२४ मध्ये काँगोतल्या संयुक्त राष्ट्रांच्या मिशनने दक्षिण किवू प्रांत सोडला. २०२५ च्या जानेवारीअखेर एम-२३ बंडखोर गोमात शिरले. ज्या रस्त्यांवर आम्ही गस्त घातली तिथे आता त्यांच्या चौक्या आहेत.

आमच्या दुभाषी मुली तिथल्याच. सूचना देणाऱ्या गावांतल्या बायकांची नावं, फोन नंबर कुठल्या ना कुठल्या वहीत आहेत. अख्ख्या गावाला माहीत आहे की निळ्या टोपीवाल्या बाईशी कोण बोलत होतं. लायबेरियात मिशन टप्प्याटप्प्याने कमी करत २०१८ मध्ये बंद केलं, तोवर तिथले पोलीस उभे राहिले होते. काँगोत तसं काही तयार नाही. महिला सैनिक पाठवून आपण त्या बायकांना बोलतं केलं, मग निघताना त्यांच्या सुरक्षेची जबाबदारी कुणाची? निघण्याच्या आराखड्यात याचं वेगळं कलम हवं: याद्या नष्ट करणं, दुभाष्यांना आधी हलवणं, ज्यांनी तक्रारी दिल्या त्यांना सुरक्षित जागा. इथे कुणी दिल्लीत संयुक्त राष्ट्र शांतिरक्षण केंद्रात शिकवत असेल तर कृपया हा विषय तिथे मांडा. मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलात तर मी माझ्या नोंदी द्यायला तयार आहे.